जॉन ऑफ गाँटचं थडगं: तुमच्या तसबिरीत नक्की काय आहे

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वाड्याची वाटणी झाली आणि माळ्यावरून काळ्या लाकडी चौकटीतली एक तसबीर खाली आली. चित्रात गणपतीच्या मखरासारखं पण उंच, टोकदार दगडी काम आहे. त्याखाली दगडी चौथऱ्यावर एक पुरुष आणि एक बाई शेजारी शेजारी निजलेले, जवळच भाला आणि ढाल. खाली लॅटिन मजकूर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक नाव, जे त्यांना 'हॉलर' असं लागलं. पणजोबांना कुणा गोऱ्या साहेबाने ती दिली, असं घरात म्हणतात. ताईंना चार गोष्टी हव्या आहेत: हे हाताने काढलेलं आहे का, खरंच जुनं आहे का, त्यावरचे तपकिरी डाग काढता येतील का, आणि लंडनला असलेल्या भाच्याकडे पाठवून लिलावात विकता येईल का. सोबत तीन फोटो आहेत.

मी तीसेक वर्षं जुन्या कागदांची डागडुजी करतो. त्यात नकाशे, सनदा, पत्रिका येतात आणि छापचित्रंही. सगळ्यात सोपं आधी सांगतो, म्हणजे चित्रात कोण आहे ते.

पुरुष आहे जॉन ऑफ गाँट, ड्यूक ऑफ लँकेस्टर, इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याचा मुलगा. जन्म १३४० चा, आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरातला. त्या घेंटचंच इंग्रजांच्या तोंडी गाँट झालं. शेजारची बाई म्हणजे त्याची पहिली बायको ब्लांश. लँकेस्टरची दौलत मुळात तिच्या माहेरची, लग्नाबरोबर याच्याकडे आली. ब्लांश १३६८ मध्ये गेली. याने पुढे आणखी दोन लग्नं केली, राज्याच्या कारभारात आयुष्यभर ढवळाढवळ केली, स्वतः गादीवर कधी बसला नाही. १३९९ च्या फेब्रुवारीत तो मेला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा चौथा हेन्री म्हणून राजा झाला. मृत्युपत्रात मात्र याने लिहून ठेवलं होतं की मला ब्लांशशेजारीच पुरा.

थडगं त्याने जिवंतपणीच बांधायला घेतलं होतं, दुसरी बायको घरात असताना! हेन्री यीव्हल हा त्या काळचा इंग्लंडमधला नावाजलेला गवंडी. त्याने थॉमस रेक याला हाताशी धरून १३७४ ते १३८० या काळात ते उभं केलं आणि एकूण खर्च आला ५९२ पौंड. मूर्ती अ‍ॅलॅबास्टरच्या. हा दगड दिसतो संगमरवरासारखा, पण इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो. म्हणून त्यात दागिन्यांचं, वस्त्रांच्या चुण्यांचं काम फार सुरेख होतं, आणि म्हणूनच तो लवकर झिजतो, फुटतो, आगीत टिकत नाही.

आगीचं नाव घेतलं, कारण हे थडगं ज्या चर्चमध्ये होतं ते लंडनचं सेंट पॉल १६६६ च्या सप्टेंबरातल्या मोठ्या आगीत जळालं. आज पर्यटक ज्याच्या घुमटापुढे फोटो काढतात ते सेंट पॉल क्रिस्टोफर रेन याने नंतर त्याच जागेवर बांधलं. जुनं चर्च लांबुडकं, गॉथिक म्हणजे टोकदार कमानींच्या वळणाचं होतं. आग लागली तेव्हा छपरावरचं शिसं वितळून रस्त्यांवरून वाहिलं. आसपासच्या पुस्तकविक्रेत्यांनी सुरक्षित म्हणून तळघरात रचलेली पुस्तकं खाक झाली. थडग्यांपैकी कवी आणि धर्मगुरू जॉन डन याची कफनात उभी असलेली मूर्ती तेवढी धडपणे वाचली, ती आजही तिथे आहे. बाकीच्यांचे काही भाजके तुकडे नव्या चर्चच्या तळघरात ठेवलेत. गाँट आणि ब्लांश मात्र गेले. ताई, तुमच्या चित्रातली वस्तू साडेतीनशे वर्षांपासून जगात नाही. तिचं रूप आपल्याला मुख्यतः कळतं ते तुमच्याकडे आहे त्याच चित्रावरून.

आता ते चित्र कसं जन्मलं. विल्यम डगडेल नावाचा एक वॉरिकशायरचा गृहस्थ होता. घराण्यांच्या वंशावळी, जुन्या सनदा, ढालींवरची चिन्हं यांच्या नोंदी करणं हा त्याचा ध्यास. आपल्याकडे दप्तरखान्यात बसून एकेक मोडी कागद उतरवून घेणारे इतिहाससंशोधक होऊन गेले, त्याच जातकुळीचा. १६४१ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांचं बिनसलं होतं आणि लढाई पेटणार हे दिसत होतं. लढाई पेटली की चर्चमधल्या मूर्ती, खिडक्या, थडगी यांच्यावर आधी हात पडणार, हेही उघड होतं. म्हणून सर क्रिस्टोफर हॅटन याच्या पाठिंब्याने डगडेल एका चित्रकाराला घेऊन चर्चमागून चर्च फिरला आणि थडग्यांची रेखाटनं, त्यांवरचे लेख उतरवून घेतले. त्याचा अंदाज चुकला नाही. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि त्या धामधुमीत सेंट पॉलमध्ये पार्लमेंटच्या घोडदळाची पागा भरली. ज्या मंडपात सरदार-दरकदार पुरले होते तिथे लीद पडत होती.

डगडेलने सेंट पॉलचा इतिहास छापला १६५८ मध्ये, आगीच्या आठ वर्षं आधी. त्यातली चित्रं केली ती वेन्सेस्लाउस हॉलर याने. तुमच्या कोपऱ्यातला हॉलर तो हाच. जन्म प्रागचा, १६०७ चा. तरुणपणी गाव सोडलं, जर्मनीत शिकला. १६३६ मध्ये अर्ल ऑफ अरुंडेल हा इंग्रज उमराव वकिलातीवर तिकडे आला होता, त्याच्याबरोबर इंग्लंडला गेला. यादवीच्या काळात काही वर्षं अँटवर्पला काढून पुन्हा लंडनला परतला आणि १६७७ मध्ये तिथेच गेला. अडीच हजारांहून जास्त छापचित्रं त्याच्या नावावर आहेत. शहरं, जहाजं, बायकांचे पेहराव, शिंपले, फुलपाखरं, हातात येईल ते. तो तासावर मजुरी घ्यायचा आणि समोर वाळूचं घड्याळ ठेवायचा. कुणी बोलायला आलं की घड्याळ आडवं करायचा, बोलण्याच्या वेळेचे पैसे गिऱ्हाइकाला लागायला नकोत म्हणून, असं सांगतात. एवढं काम करून माणूस गरिबीतच राहिला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे येतं. हे छापलेलं आहे, पण छापण्यासाठीची प्रत्येक रेघ हाताने ओढलेली आहे. सपाट घासलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात आणि तो धुराने काळा करतात. मग सुईने त्या मेणात चित्र काढतात. सुई जिथून जाते तिथे काळ्यात तांबं लालसर चमकतं. पत्रा आम्लात टाकला की उघडं पडलेलं तांबंच तेवढं खाल्लं जातं, मेणाखालचं शाबूत राहतं. मेण काढून त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढायचा. दाबाने कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून आणतो. याला एचिंग म्हणतात. दुसरी रीत म्हणजे आम्लाशिवाय, टोकदार पोलादी हत्याराने सरळ पत्राच कोरायचा. ते खरं एनग्रेव्हिंग. बोलताना लोक दोन्हीला एनग्रेव्हिंगच म्हणतात, दुकानदारही म्हणतात, आणि मी ते सुधारत बसायचं कधीच सोडून दिलंय. तांब्यावरून छापणं आपल्याकडेही अगदी परकं नव्हतं. मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता छापली ती तांब्याचे पत्रे कोरूनच. सगळं उलटं कोरावं लागतं, आरशात वाचल्यासारखं. हॉलरचंही तेच. ढालीवरचं चिन्ह, लॅटिनचं प्रत्येक अक्षर त्याने उलटं लिहिलंय.

नावापुढचा शब्दही नीट पाहा. 'फेकिट' असेल तर अर्थ 'केलं'. 'डेलिनेआविट' म्हणजे रेखाटलं, 'स्कुल्प्सिट' म्हणजे कोरलं, 'एक्सकुडिट' म्हणजे छापून प्रसिद्ध केलं. एकाच चित्राखाली तीन नावं तीन क्रियापदांसह दिसतात, त्याचा गोंधळ करून घेऊ नका. मूळ चित्रकार एक, कोरणारा दुसरा आणि पैसे घालणारा प्रकाशक तिसरा असायचा.

पैशांवरून आठवलं. डगडेलच्या पुस्तकातल्या पत्र्यांचा खर्च पुष्कळदा कुणीतरी उचललेला असे, आणि ज्याने उचलला त्याचं नाव नि कुळचिन्ह चित्रातच कोरलं जाई. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर 'अमुक तमुक यांजकडून सप्रेम भेट' लिहितात ना, तसंच. म्हणून अशा चित्रात दिसणारी प्रत्येक ढाल मेलेल्या माणसाची आहे असं धरून चालू नये. एका संग्राहकाने माझ्यासमोर पाऊण तास एका ढालीवरून मृताची वंशावळ सांगितली होती. ढाल देणगीदाराची होती.

आता मुद्द्याची गोष्ट, जिच्यासाठी मला तुमच्या चित्राला एवढं लांब उत्तर द्यावंसं वाटलं. तुमच्या दुसऱ्या फोटोत दोन्ही मूर्तींच्या छातीजवळचा भाग स्पष्ट आला आहे. नीट बघा, दोघांचे हात एकमेकांपासून सुटे आहेत. प्रत्यक्ष थडग्यावर तसं नव्हतं. तिथे नवरा-बायकोने एकमेकांचा उजवा हात हातात धरला होता. त्या थडग्याची ती खास ओळखच होती, आणि हॉलरच्या चित्रात नेमकी तीच नाही. या चित्रात इतरही चुका आहेत, पण ही मला सगळ्यांत मोठी वाटते. त्या काळच्या इंग्लंडात असं हात धरलेलं जोडपं पाहायचं असेल तर वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये अर्ल थॉमस बोशँप आणि त्याची बायको कॅथरीन आहेत. तो १३६९ मध्ये मेला, म्हणजे ब्लांशच्या पाठोपाठच. १६९४ मध्ये वॉरिकही जळालं, पण ते दोघं चर्चच्या ज्या भागात आहेत तो भाग वाचला. तिथे आजही त्यांचे हात एकमेकांत आहेत.

हॉलरने असं का केलं असेल? माझं मत सांगतो, मत म्हणूनच घ्या. तो समोर बसून काढत होता की हातातल्या रेखाटनावरून, याने खूप फरक पडतो. डगडेलची १६४१ ची टिपणं आणि रेखाटनं तयार होती. मधल्या सतरा वर्षांत त्या चर्चमध्ये फौज राहून गेली होती. मूर्ती उंच चौथऱ्यावर आडव्या, खालून पाहणाऱ्याला हात नीट दिसतही नसतील, आणि फौजेनंतर धड राहिले असतील याचीही खात्री नाही. कोरणाऱ्याने मग शेकडो थडग्यांवर जसे सुटे हात पाहिले होते तसेच काढले. आपल्याकडे तसबिरी रंगवणारे कारागीरही देवाचा हात मोडलेला दिसला तर अभयमुद्रा भरून देतात, फार विचार करत नाहीत. गॉथिक महिरपीचा एकेक कंगोरा मात्र हॉलरने चोख दिला आहे, कारण तिथे त्याची नजर रमायची. दगडी जाळी, पट्टे, सावल्या यांत त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. माणसांचे चेहरे आणि हात ही त्याची कधीच जमेची बाजू नव्हती.

पण म्हणून चित्र खोटं ठरत नाही. त्याच्याकडे साक्षीदारासारखं पाहावं लागतं. कुठे उभा होता, कुणाच्या पैशाने बोलतोय, काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे विचारावं लागतं. थडग्यांबद्दल ऐकीव माहितीवर विसंबण्याचा धोका त्याच चर्चमध्ये ढळढळीत होता. सर जॉन बोशँप नावाच्या, १३६० मध्ये मेलेल्या सरदाराचं थडगं तिथे होतं. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला ड्यूक हंफ्रेचं थडगं म्हणत. खरा हंफ्रे, चौथ्या हेन्रीचा मुलगा, सेंट ऑल्बन्स गावी पुरलेला. पण गप्पा मारत त्या मंडपात वेळ काढणाऱ्या, खिशात दमडी नसलेल्या माणसांबद्दल लंडनचे लोक म्हणत की आज हा ड्यूक हंफ्रेकडे जेवला. म्हणजे आज याला उपास घडला.

आता तुमची प्रत जुनी आहे का. फोटोंवरून मी शिक्का मारणार नाही, पण तुम्ही स्वतः घरी काय पाहायचं ते सांगतो. चौकट उघडायची असेल तर सपाट टेबलावर, पंखा बंद करून, हात धुऊन नि कोरडे करून. मागचे खिळे पक्कडीने सरळ वर ओढा. पिळू नका.

पहिली खूण कागदाच्या कडेची. तांब्याचा पत्रा दाबाखालून गेला की कागदावर त्याच्या चार कडांची चौकोनी दाबखूण उमटते, छपाईच्या थोडी बाहेर. बोट अलगद फिरवलं तर पायरी लागते. तुमच्या तिसऱ्या फोटोत वर, खाली आणि उजवीकडे ती दिसते आहे. डाव्या बाजूला कागद कापलेला आहे आणि तिथे बारीक भोकांची रांग वाटते. ती शिवणीची असेल तर हे पान पुस्तकातून काढलेलं आहे, आणि हे अपेक्षितच आहे. जुनी पुस्तकं फोडून चित्रं सुटी विकायचा धंदा इंग्लंडात फार चालला, मुंबईच्या चोरबाजारातही अशी पानं मी पाहिली आहेत. मागे मजकूर छापलेला असेल, किंवा समोरच्या पानाच्या शाईची पुसट उलटी सावली पडलेली असेल, तर पुस्तकाचं पान हे पक्कं.

दुसरी खूण रेघांची. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळवाल्याकडे मिळतं. आम्लाने खाल्लेली रेघ टोकाला बोथट, थोडी गोल संपते, तिची कडा किंचित थरथरलेली असते. हत्याराने कोरलेली रेघ सुरुवातीला बारीक, मधे जाड आणि शेवटी पुन्हा सुईसारखी निमुळती होते. दोन्हींत शाई कागदावर जराशी उभी राहते, तिरप्या उजेडात ते कळतं. आणि भिंगाखाली रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते चित्राच्या फोटोवरून केलेलं पुढच्या काळातलं पुनर्मुद्रण. घरात टांगायला छान, बाकी काही नाही. तुमच्या जवळच्या फोटोत मला ठिपके दिसले नाहीत.

तिसरी खूण कागदाची, माझ्या मते सगळ्यांत भरवशाची. पान उजेडासमोर धरा. मोडी कागद हाताळलेल्यांना हे ठाऊक असतं: जुन्नरी किंवा दौलताबादी कागद उजेडात धरला की साच्याच्या गवताच्या काड्यांच्या रेषा दिसतात. युरोपात साचा तारांचा असे. म्हणून तिथल्या कागदात जवळजवळ बारीक रेषा आणि त्यांना आडव्या, साधारण इंचभर अंतरावर ठळक रेषा दिसतात. कधी एखादं कागदात गुंफलेलं चिन्हही. १६५८ च्या पानात या रेषा हव्यातच. विणलेल्या जाळीचा, रेषा नसलेला गुळगुळीत कागद युरोपात आला तो १७५० च्या सुमारास. म्हणजे रेषा नसतील तर प्रत सतराव्या शतकातली नाही, विषय संपला. उलटं मात्र खरं नाही. रेषा आहेत म्हणून १६५८ चीच असं होत नाही, कारण रेषांचा कागद पुढेही शतकभर वापरात होता.

हे सांगतोय त्याचं कारण असं की डगडेलच्या या पुस्तकाच्या पुढेही आवृत्त्या निघाल्या, १७१६ मध्ये आणि मग हेन्री एलिस याने वाढवलेली १८१८ मध्ये. १८१८ साठी हॉलरची चित्रं दुसऱ्या कारागिराने नव्याने कोरली. ती नेटकी आहेत, फार नेटकी, आणि त्यामुळेच ओळखू येतात. हॉलरच्या सावलीत जी मऊपणाची झाक असते ती तिथे गायब होऊन सगळं आखलेलं दिसतं. आणि जुनाच पत्रा पुढे पुन्हा वापरला असेल तर ते झिजेवरून कळतं. तांबं मऊ, प्रत्येक छापाला थोडं घासलं जातं. सगळ्यांत आधी मरतात त्या आकाशातल्या नि सावल्यांतल्या केसासारख्या रेषा. तुमच्या चित्रात महिरपीच्या आतला अंधार काळाभोर, भरीव असेल तर छाप लवकरचा. तो करडा, टक्कल पडल्यासारखा असेल तर उशिराचा. दुसऱ्या फोटोत मला तो बऱ्यापैकी भरलेला वाटतो, पण मोबाइलचा कॅमेरा काळं आणखी काळं करतो.

डागांचं. ते लालसर तपकिरी ठिपके म्हणजे दमटपणा, बुरशी आणि कागदातले लोखंडाचे कण यांचा एकत्रित प्रताप. साताऱ्याचा पाऊस, माळा आणि भिंतीला टेकलेली चौकट म्हटल्यावर आश्चर्य नाही. कडेने जी सरळ तपकिरी पट्टी आहे ती वेगळी. ती आतल्या स्वस्त पुठ्ठ्याच्या आम्लाने भाजलेली कड आहे. इंटरनेटवर ब्लीचचे, लिंबाचे, ब्रेडच्या चुऱ्याचे उपाय सांगतात. त्यातलं काहीही करू नका. धुवू तर अजिबात नका. मी उमेदवारीत असताना एका संस्थेत असंच एक छापचित्र माझ्याकडे आलं होतं. शाई तेलाची, पाण्याने हलत नाही, म्हणून मी बिनधास्त तबकात बुडवलं. शाई हललीच नाही. हलला तो मागाहून कुणीतरी हाताने भरलेला तांबडा रंग. उमरावाच्या झग्यातून निघून तो बायकोच्या चेहऱ्यावर पसरला. त्या दिवसापासून प्रत्येक रंगाच्या कडेला आधी ओल्या कापसाच्या काडीने टिपून पाहिल्याशिवाय पाण्याचं भांडं मी जवळही आणत नाही. तुमच्या चित्रात रंग नाही, हे बरं आहे. हॉलरने रंग दिलेलाच नसतो, रंगीत हॉलर दिसला की रंग नंतरचा समजावा.

तुम्ही एवढंच करा. जुना पुठ्ठा काढून आम्लरहित पुठ्ठ्याच्या दोन पानांत चित्र ठेवा, वरच्या पानाला खिडकी कापून घ्या म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. चित्र खालच्या पानाला वरच्या कडेने, दोनच ठिकाणी, जपानी कागदाच्या बिजागरीने आणि गव्हाच्या खळीने लटकवतात. चिकटपट्टी नको, फेव्हिकॉल तर नकोच. फ्रेमवाला 'अख्खं बोर्डावर चिकटवून देतो, सुरकुती राहणार नाही' म्हणेल. हसून नको म्हणा. लॅमिनेशनचं नाव काढलं तर तसबीर काखेत मारून बाहेर पडा. टांगायची तर आतल्या, कोरड्या भिंतीवर, उन्हाच्या समोर नाही, आणि मागे बुचाचे चार तुकडे लावून, म्हणजे भिंत आणि चौकट यांत हवा खेळेल. कसर आणि वाळवी या दोघींना अंधारी, न हललेली जागा आवडते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या झाडलोटीत, उतरवून मागची बाजू पाहत जा.

लंडनच्या भाच्याचं. इथे थांबा. पुराणवस्तूंबाबतचा १९७२ चा केंद्राचा कायदा आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात इंग्लंडात झाली म्हणून ती इंग्लंडला नेता येईल, असं गृहीत धरू नका. भाच्याच्या बॅगेत कपड्यांखाली घालून पाठवायचा विचार कुणी घरात बोलून दाखवला असेल, तर तो तिथेच मोडा. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारा. देशात विकायची असेल तर किंमत कुठल्या आवृत्तीची, कडा किती कापलेल्या, डाग किती, यावर ठरते. एवढं नक्की सांगतो की वाटणीत भांडण व्हावं इतकी ती नाही. हॉलरचे हजारो छाप जगभर आहेत. पुस्तकातून सुटं झालेलं पान ही दुर्मीळ चीज नव्हे. विकणार नसाल तर तिघा भावंडांत फिरती ठेवा, एकेक वर्ष एकेकाकडे. माझ्या माहितीतल्या एका घरात देवघरातला शंख असा फिरतो.

गोऱ्या साहेबाची गोष्ट खरी असेलही. तिचा पुरावा असला तर चित्रात सापडणार नाही, मागे सापडेल. तुमच्या पहिल्या फोटोत चौकटीच्या पाठीवर, वरच्या कोपऱ्यात, फाटलेल्या लेबलाचा तुकडा दिसतो आहे, आणि खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलंय. जुनी फळी आम्लाने भरलेली असते, चित्राजवळ ती नको हे खरं, पण ती जाळू नका, भंगारात देऊ नका. वेगळी गुंडाळून ठेवा. त्या लेबलाचा आणि पेन्सिलीच्या ओळीचा, खिडकीच्या तिरप्या उजेडात, जवळून काढलेला एक फोटो पाठवा. आणि तसंच पान उजेडासमोर धरून काढलेला दुसरा.